तोंडचे पाणी

मराठीत तोंडातल्या पाण्याविषयी दोन वाक्प्रचार आहेत. आवडीचा पदार्थ समोर आला की तोंडाला पाणी सुटते, आणि मोठे संकट पुढे उभे राहिले की तोंडचे पाणी पळते. शाळेत असताना या दोहोंचा आम्ही 'वाक्यात उपयोग' करीत असू, आणि दोन्ही वाक्ये बरोबर आली तर एक गुण मिळत असे. या दोन्ही वाक्यांतले पाणी एकच आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानात येण्यास मात्र वयाची सत्तेचाळीस वर्षे उलटावी लागली.

२०२३ सालच्या एप्रिलमध्ये मला गिळताना उजव्या बाजूस टोचल्यासारखे होऊ लागले. कानातही कळ येई. मी दिल्लीस केंद्र सरकारच्या एका खात्यात काम करतो. मार्चअखेरची धावपळ नुकतीच संपली होती; थंड पाणी बाधले असेल म्हणून मी काही दिवस दुर्लक्ष केले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जिभेच्या मुळाशी असलेल्या गाठीचा तुकडा काढून तपासण्यात आला आणि तो कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. उपचार ठरला: सात आठवडे किरणोपचार, आठवड्यातून पाच दिवस, आणि जोडीला आठवड्यातून एकदा शिरेवाटे औषध. डॉक्टरांनी धीर दिला, आणि तो पोकळ नव्हता.

परंतु उपचार ठरणे आणि उपचार सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणखी छायाचित्रे काढावयाची होती. दंतवैद्यांकडून दातांची तपासणी व्हावयाची होती. कारण किरणांनंतर जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही, म्हणून जे दात पुढे त्रास देतील ते आधीच काढून टाकावे लागतात. माझ्या दोन दाढा निघाल्या. त्या जागा भरून येण्यास दोन-अडीच आठवडे द्यावयाचे, आणि मग यंत्रावर जागा मिळेल त्या दिवसाची वाट पाहावयाची. अशा रीतीने एकूण एकेचाळीस दिवस गेले. मी आज बोलणार आहे ते या एकेचाळीस दिवसांविषयी. उपचारांच्या काळात काय करावे, याची माहितीपत्रके मला पुष्कळ मिळाली. त्यापूर्वी काय करावे, हे मात्र मला कोणीच सांगितले नाही. खिडकीवरचा गृहस्थ इतकेच म्हणाला, "तुमचा क्रमांक आला की कळवू." त्याच्यावर मला रागावता आले नाही. वीस वर्षे हेच वाक्य मी खिडकीच्या अलीकडच्या बाजूने उच्चारीत आलो आहे. 'प्रकरण विचाराधीन आहे' या तीन शब्दांत समोरच्या माणसाची किती रात्रींची झोप बुडते, याचा हिशेब आमच्या कोणत्याही नोंदवहीत नसतो.

निदान कळले त्या रात्रीच माझ्या तोंडाला कोरड पडली. जीभ टाळूला चिकटली. शब्द उच्चारताना ओठ दातांवर अडकू लागले. प्रथम मला याची लाज वाटली. पण ही गोष्ट फार जुनी आहे. दोन सैन्यांच्या मध्यभागी रथ उभा राहिल्यावर अर्जुनाने श्रीकृष्णाला आपल्या देहाची जी लक्षणे सांगितली, त्यांत तोंड सुकल्याचाही उल्लेख आहे. आपल्या स्मृतिकारांनी चोरीचा आळ आलेल्या माणसासाठी जे तंडुलदिव्य सांगितले आहे, त्यात त्याने तांदूळ चावून थुंकावयाचे असत. त्यांत रक्त दिसले की तो दोषी. भ्यालेल्या माणसाच्या तोंडातले पाणी आटते आणि कोरड्या तोंडाला तांदूळ टोचतो, हा अनुभव त्यामागे असावा, असा माझा आपला एक तर्क आहे. निरपराध पण भित्रा मनुष्य त्यात हकनाक सापडत असेल, हेही उघड आहे. त्या दिवसांत मला कोणी तांदूळ चावावयास दिले असते, तर जगातल्या सर्व चोऱ्या माझ्या नावावर जमा झाल्या असत्या.

लाळ या शब्दाला आपण फारसा मान देत नाही. 'लाळघोटेपणा' हा तर आमच्या खात्यातला नेहमीचा शब्द. परंतु निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, आणि तिची कामे ऐकली तर तिच्याविषयी आदर वाटावा. ती घास ओला करते, दातांचे रक्षण करते, आणि अन्नातली चव आपल्यात विरघळवून जिभेपर्यंत पोहोचविते. म्हणजे तोंड कोरडे असेल तर चव नाही, आणि चव नसेल तर अन्नावर वासना नाही. कोरड आणि अरुची या माझ्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असे मी समजत होतो. वस्तुतः त्या एकाच तक्रारीची दोन टोके होती.

भीती हे कोरडीचे एकच कारण नव्हते. वेदनेवर व झोपेवर मला ज्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांतली एक तोंड सुकविण्याबद्दल प्रसिद्ध आहे, असे पुढे समजले. गिळताना दुखे म्हणून मी पाणीच कमी पीत होतो. रात्री तोंड उघडे टाकून झोपत होतो. भरीस भर म्हणून दिल्लीचा मे महिना. दुपारी लू सुटली की भिंतीसुद्धा तापाने फणफणतात. आणि या सगळ्यावर उतारा म्हणून मी काय करावे? तर दिवसाला सात-आठ पेले चहा!

माझी प्रकृती कळल्यावर रत्नागिरीहून आई आली. तिचे वय चौऱ्याहत्तर. सामानात आमसुले, कुळथाचे पीठ, उकड्या तांदळाची पिशवी आणि तुपाची बरणी. आल्या दिवसापासून तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मला लहानपणी जे जे आवडत असे, ते ते ती आठवून आठवून करू लागली. भरलेले ताट माझ्यापुढे येई, मी दोन घास घेई, तिसरा तोंडात फिरत राही आणि घशाखाली उतरण्याचे नाव घेत नसे. फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळे. ताट तसेच परत जाई. आई म्हणे, "अरे, एवढी पोळी तरी संपव. अंगात ताकद नको का?" मी एकदा तिच्यावर ओरडलो. मी शांत माणूस म्हणून ओळखला जातो. आईवर त्यापूर्वी कधी ओरडल्याचे मला आठवत नाही. ती काही बोलली नाही. ताट उचलून आत गेली.

याच सुमारास एका स्नेह्यांनी मला सांगितले की, रोग्याने अन्न कमी केले म्हणजे रोगही उपाशी मरतो. साखर, दूध, भात सगळे सोडावे. मनुष्य सुशिक्षित होता, हेतू चांगला होता, आणि न जेवण्याला मला एक प्रतिष्ठित कारण हवेच होते. तीन दिवस मी काकडीचा रस आणि कोमट पाणी यांवर काढले. चौथ्या दिवशी दाढांची तपासणी करण्यासाठी गेलो असता तेथील परिचारिकेने सहज वजन पाहिले. अडुसष्ट किलोंचे साडेचौसष्ट झाले होते. आणि अवघे बाराच दिवस लोटले होते.

तिने मला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठविले. वयाने तिशीच्या आतबाहेर, बोलणे अगदी मोजके. त्यांनी मला उपदेश केला नाही. एक जाळीदार मुखवटा दाखविला. मान आणि डोके किंचितही हलू नये म्हणून किरणोपचाराच्या वेळी असा मुखवटा प्रत्येक रोग्याच्या चेहऱ्यावर बेतून बनवितात, आणि रोज तो चेहऱ्यावर घालून मेजाला पक्का करतात. "तुमचा मुखवटा पुढच्या आठवड्यात होईल," त्या म्हणाल्या. "त्यानंतर तुम्ही असेच उतरत गेलात तर तो सैल होईल. मग तो पुन्हा करावा लागतो, कधी कधी सगळे मोजमापही पुन्हा घ्यावे लागते. उपवासाने रोग उपाशी राहत नाही, तुम्ही राहता." आणखीही एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार मोलाची वाटली. या आजारात शरीर रोगाशी झुंजताना जी द्रव्ये निर्माण करते, त्यांचा परिणाम मेंदूतल्या भुकेच्या केंद्रावर होतो. तेव्हा भूक न लागणे हा हट्ट नव्हे आणि नेभळटपणाही नव्हे. "भूक लागण्याची वाट पाहू नका. ती सध्या रजेवर आहे."

रजा ही गोष्ट मला समजते. कार्यालयात एखादा माणूस रजेवर गेला म्हणून काम थांबत नाही. त्याचे काम वेळापत्रकावर टाकले जाते. घरी आल्यावर मी एक जुनी नोंदवही काढली, रकाने आखले, आणि सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांची वेळ घातली. वेळ, पदार्थ, वाटी किती, आणि शेरा. भूक लागली म्हणून जेवणारा मी, वेळ झाली म्हणून जेवू लागलो. मला कार्यालयात जावेसे वाटते की नाही, हा प्रश्न गेल्या वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. मग जेवावेसे वाटते की नाही, हा प्रश्न तरी मी का विचारावा? माझी पत्नी हसून म्हणाली, "तुम्ही आता स्वतःचीच फाइल उघडली म्हणायची." पण त्या फाइलीने आमच्या घरातला एक मोठा तंटा मिटविला. आईची आणि माझी झटापट ताटावरून होती. ताट गेले आणि वाटी आली. भरलेल्या ताटातले दोन घास खाल्ले तर तो पराभव असतो. लहानशी वाटी संपविली तर तो विजय असतो, मग आतला ऐवज तेवढाच का असेना.

ऐवज मात्र तेवढाच ठेवावयाचा नव्हता. थोड्या जागेत जास्त पोषण बसविणे, हीच त्यातली मेख. दुधात दुधाचीच पूड मिसळायची. मऊ भातावर तूप नेहमीच्या तिप्पट. मुगाचे कढण गाळून, त्यात थोडे लोणी. पोळी कोरडी कधीच नाही. दुधात नाहीतर आमटीत भिजवून, कुस्करून. पदार्थ कोमट किंवा गार घ्यावयाचा. गरम अन्नाचा वास अधिक दरवळतो आणि त्या वासानेच निम्मी इच्छा मरते. फोडणीच्या वेळी मी गच्चीवर जाऊन बसे. तोंडात लोखंडासारखी चव येई, तेव्हा स्टीलचा चमचा बाजूला ठेवून चिनी मातीचा घेतला. फरक खरोखरच पडला. घासाबरोबर पाण्याचा एखादाच घोट. पोटभर पाणी दोन वाट्यांच्या मधल्या वेळात, नाहीतर पाण्यानेच पोट भरते.

अंड्यांचा प्रश्न नाजूक होता. आईच्या स्वयंपाकघरात अंडे कधी आले नव्हते. बाईंनी तर रोज दोन सांगितलेली. पत्नीने वेगळे भांडे, वेगळी शेगडी असा प्रस्ताव मांडला. आईने तो ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहतो तो ती स्वतः ओट्याशी उभी राहून, पदर नाकाला लावून, दुधात अंडे घोटीत होती. वेलदोडा जरा जास्त पडला होता. त्यावर एक अक्षरही बोलणे झाले नाही.

तोंडाच्या कोरडीसाठी डॉक्टरांनी प्रथम ती एक गोळी बदलली. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: औषध आपल्या मनाने थांबवू नये, डॉक्टरांना विचारावे. विचारल्यावाचून त्यांना कळत नाही. वेदनेच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि त्यानेही भूक मरते, हेसुद्धा मी संकोचापायी आठवडाभर सांगितले नव्हते. चहा दोन पेल्यांवर आला. जवळ सतत पाण्याची बाटली, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक घोट. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा. त्या गिळावयाच्या नाहीत. बाजारातली झोंबणारी, मद्यार्कयुक्त चुळांची औषधे वर्ज्य, कारण ती तोंड अधिकच सुकवितात. ओठांना साधे व्हॅसलीन. रात्री उशाशी पाणी, आणि कूलरचा वारा थेट तोंडावर न घेता बाजूने.

आईचा उपाय निराळा होता: जिभेखाली आमसूल नाहीतर खडीसाखर. आमसुलाने लाळ सुटते, यात शंका नाही; नुसत्या नावानेही सुटते. परंतु दंतवैद्यांनी मान हलविली. लाळ कमी असली म्हणजे आंबट आणि गोड दोन्ही दातांना खातात, आणि तोंडात जखम असेल तर आंबट झोंबते ते वेगळेच. त्यांनी साखर नसलेल्या गोळ्या दिल्या. आईला त्या पसंत पडल्या नाहीत. "साखर नाही ती गोळी कसली?" तिने आमसुले डब्यात परत ठेवली, पण डबा फडताळात पुढेच राहू दिला.

आमची वसाहत सरकारी. भिंतीपलीकडचे घर तमिळ, समोरचे बिहारी, वरचे मलयाळी. बातमी पसरावयाची ती पसरली. एरवी दिवाळीच्या मिठाईपलीकडे आमचे दळणवळण नव्हते. आता रोज कोणाच्या ना कोणाच्या हाती झाकलेले भांडे येऊ लागले. तमिळ बाईंनी इतका मऊ दहीभात पाठविला की तो चावावाच लागत नसे. वरच्या मजल्यावरून कंजी आली, आईने ती चाखून पाहिली आणि म्हणाली, "ही तर आपली पेजच!" त्या दिवसापासून दोघींची मैत्री झाली, वास्तविक दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. समोरच्या गृहस्थांनी सातूचे सरबत आणले आणि ते आपल्या देखत मला पाजले. प्रत्येक प्रांताने आपापल्या आजाऱ्यासाठी काही तरी मऊ, ओले आणि फिके राखून ठेवले आहे, हे मला तेव्हा कळले. पर्यटनाच्या पुस्तकांत प्रांतांचे झणझणीत पदार्थ असतात. आजाऱ्याचे अन्न कोणी छापीत नाही.

सर्वच दिवस चांगले गेले असे मात्र नाही. नोंदवहीत सव्विसाव्या दिवशी सर्व रकान्यांत 'नाही' असा शेरा आहे. दुसऱ्या दिवशी जिभेवर पांढरे डाग दिसले. ती बुरशी होती आणि औषधाने गेली. असे डाग दिसले, ताप आला, पाणीदेखील गिळता येईना किंवा घोट घेताना ठसका लागू लागला, तर आपला क्रमांक येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मला नाकातून नळी घालण्याविषयी विचारण्यात आले होते. तिची मला धास्ती होती. आज मला वाटते, ती धास्ती अनाठायी होती; ज्यांना ती घालावी लागते ते हरलेले नसतात, त्यांचे अन्न दुसऱ्या वाटेने जाते इतकेच.

तिसाव्या दिवसाच्या सुमारास पत्नीने मला एकीकडे बोलावून सांगितले, "आई जेवत नाहीत." मी चकित झालो. तिच्या ध्यानात आले होते की आई माझ्या वाटीतले उरलेले खाते आणि तेच तिचे जेवण. मी वाटी संपविली तर तिला काहीच उरत नसे. आम्ही विचारले तेव्हा आई म्हणाली, "मला मेलीला भूकच लागत नाही रे. तोंडाला कोरड पडते." वहीत मी माझ्या वजनाचे आकडे मांडीत होतो, माझ्यासमोर एक माणूस वाळत चालले होते आणि त्याला रकानाच नव्हता.

त्या संध्याकाळी मी पट्टी घेऊन वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे मी, उजवीकडे आई. आईला लिहिण्याचा कंटाळा. तिच्या बाजूला मी लिहीत असे, आणि माझी वाटी तिच्या वाटीबरोबरच यावी असा नियम झाला. तिने प्रथम विरोध केला, मग दूध घेतले, मग भात. आम्ही दोघे दर दोन तासांनी समोरासमोर बसत असू, दोघांनाही भूक नसे, आणि दोघेही वाटी संपवीत असू. वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज स्वयंपाकघरातून आला की कधी कधी माझ्या तोंडात किंचित ओलावा जाणवे. पाचक ग्रंथींच्या अभ्यासाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची मला आठवण होई, आणि त्यांच्याविषयी प्रथमच बंधुभाव वाटे.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी आम्ही तिघे रुग्णालयात गेलो. माझे वजन चौसष्ट किलो दोनशे ग्रॅम भरले. मेजावर निजवून तंत्रज्ञाने मुखवटा चेहऱ्यावर ठेवला आणि एकेक खटका दाबून बसविला. जाळी कपाळाला, गालांना, हनुवटीला घट्ट लागली. "बरोबर बसला आहे," तो म्हणाला. तोंडाला कोरड होतीच. दिवे मंद झाले, यंत्र फिरू लागले.

पुढच्या सात आठवड्यांत आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत ही कोरड आणखी वाढली, आणि आता ती बरीच कमी झाली आहे. पण ती गोष्ट वेगळी आहे. त्या सकाळी मी बाहेर आलो तेव्हा चेहऱ्यावर जाळीचे वळ उठले होते. आई बाकावर बसली होती. तिने ते वळ पाहिले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि पिशवीतून थर्मास व दोन वाट्या काढल्या. दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. "पाच मिनिटे उशीर झाला," ती म्हणाली, "वहीत लिही."